दातावर दात टेकवू नका: जबड्याच्या सांध्याचं दुखणं आणि त्यावरचा उतारा

ताई, तुम्ही जे लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ३६, बोरिवलीहून रोज बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) नोकरीला. चार महिन्यांपासून सकाळी उठल्यावर जबडा जड असतो, डाव्या कानापुढे दुखतं, तोंड उघडताना ‘कट’ असा आवाज येतो आणि दुपारनंतर कानशिलं ठणकायला लागतात. कानाच्या डॉक्टरांनी कानात काही नाही म्हणून सांगितलं. एका दंतवैद्यांनी नाइट गार्ड (रात्री दातांवर बसवायचं कवच) करून दिलं, त्याने थोडं बरं वाटलं पण दुखणं गेलं नाही. दुसऱ्यांनी ‘दातांची ठेवण चुकलीय’ म्हणत सहा दाढांना कॅप बसवायचा सल्ला दिला. तुम्ही विचारताय, कॅप बसवू का, आणि हे आता जन्माचं मागे लागलंय का. शेवटी मुलाबद्दलही एक प्रश्न आहे, त्याच्याकडे नंतर येते.

कॅप बसवू नका. मी २७ वर्षं दादरला प्रॅक्टिस करते आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं मुख्यतः जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या दुखण्याचेच पेशंट बघते आहे. दुखऱ्या जबड्यासाठी चांगले दात घासून त्यांवर कॅप चढवल्या, आणि नंतर दुखणंही तसंच आणि दातही गेले, अशी माणसं माझ्या खुर्चीत येऊन रडलेली आहेत. घासलेला दात परत उगवत नाही. म्हणून ज्या उपचाराला परतीचा रस्ता नाही, तो या आजारात आधी करायचाच नाही.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून म्हणत नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला आम्हाला शिकवलंच तसं होतं की दात नीट बसत नाहीत म्हणून सांधा दुखतो. १९३४ मध्ये अमेरिकेत कॉस्टेन नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कानदुखी, कानात आवाज येणं आणि जबड्याचं दुखणं यांचा संबंध मागच्या दाढा पडण्याशी जोडला, आणि पुढची कित्येक दशकं सगळे दंतवैद्य ‘बाइट’च्या, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात त्याच्या, मागे लागले. मीही एका शाळेतल्या बाईंच्या दाढा थोड्या थोड्या घासून त्यांचा बाइट ‘बरोबर’ केला होता. पहिले पंधरा दिवस त्यांना बरं वाटलं. मग दुखणं परत आलं, वर दात एकमेकांवर कुठे टेकवायचे हेच त्यांना कळेना. दिवसभर त्या जिभेने आणि दातांनी ती जागा चाचपत बसायच्या. तो दोष माझा होता, आणि त्या बाईंमुळेच मी हा विषय नव्याने शिकायला घेतला.

आता तुमच्या जबड्यात काय चाललंय ते बघू. कानाच्या भोकाच्या अगदी पुढे, जिथे कानाची छोटी पाकळी असते, तिथे दोन्ही बाजूंना एकेक बोट ठेवा आणि तोंड सावकाश उघडा-मिटा. बोटाखाली एक गोटी सरकल्यासारखी वाटेल. तो तुमचा सांधा. खालच्या जबड्याचं गोल टोक कवटीच्या एका उथळ वाटीत बसलेलं असतं आणि दोघांच्या मध्ये एक पातळ, चिवट गादी असते. तोंड दोन-अडीच सेंटीमीटर उघडेपर्यंत ते टोक जागच्या जागी फिरतं, त्यापुढे गादीला बरोबर घेऊन वाटीतून पुढे घसरतं. काही जणांची गादी थोडी पुढे सरकलेली असते. मग टोक तिच्यावर चढताना ‘कट’ असा आवाज येतो. हा आवाज पुष्कळ लोकांना येतो. त्यात दुखणं नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल, तर त्यावर काहीही करायची गरज नसते. आवाज घालवण्यासाठी उपचार करू नका. दुखणं गेल्यावरही आवाज राहील कदाचित, राहू द्या.

सांधा कानाला इतका चिकटून आहे की त्याचं दुखणं कानात आहे असंच वाटतं. कानात दडे बसल्यासारखं होणं, बारीक आवाज येणं, हेही त्यातलंच. त्यामुळे तुम्ही आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेलात ते अगदी बरोबर केलंत, कान तपासून घ्यायलाच हवा होता.

पण तुमचं लिहिणं वाचून मला सांध्यापेक्षा स्नायूंचा संशय जास्त येतो. दात घट्ट आवळा आणि गालावर, जबड्याच्या कोपऱ्याच्या थोडं वर हात ठेवा. हाताखाली जो टणक गोळा फुगतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. दुसरा कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला आहे, दात आवळले की तोही हाताला हलताना लागतो. आता दात सोडा आणि या दोन्ही जागा दोन बोटांनी जरा जोर लावून दाबा. दाबल्यावर कुणालाही थोडं दुखेल. विचारायचं ते हे, की ‘रोज दुखतं ते हेच का?’ २०१४ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून या आजाराचं निदान करण्याचे निकष ठरवले, त्यातही हेच पाहायला सांगितलंय. दाबून पेशंटचं ओळखीचं दुखणं जागं झालं, तर दुखण्याचं घर सापडलं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं घर त्या गालातल्या नाहीतर कानशिलाच्या स्नायूत सापडतं, आणि त्यासाठी एमआरआयची गरज पडत नाही.

हे स्नायू दमतात कशाने? सगळे म्हणतात, रात्री झोपेत दात खाल्ल्याने. काही जणांचं खरंच तसं असतं. पण त्याहून मोठा चोर दिवसा फिरतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

नवीन पेशंट फॉर्म भरत असतो, पत्ता, फोन नंबर, औषधं, तेव्हा मी हळूच म्हणते, ‘आहात तसेच राहा, हलू नका. आत्ता तुमचे दात कुठे आहेत?’ पेन थांबतं. मग एकदम चेहरा बदलतो. ‘अय्या, टेकलेत.’ मी जिभेची कड बघते, तर तिथे दातांचे ठसे उमटलेले, चिंचेच्या पानाच्या कडेसारखे. गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरी लकीर. रागाने दात-ओठ खाणं वेगळं, त्यात जोर असतो, ते आपल्याला कळतं. हे नुसतं हलकं टेकवणं असतं, कांदा चिरताना, स्कूटर चालवताना, एक्सेल शीट बघताना, मुलाचा अभ्यास घेताना. निरोगी माणसाचे वरचे-खालचे दात दिवसभरात जेवण आणि गिळणं धरून जेमतेम पंधरा-वीस मिनिटं एकमेकांना टेकतात. उरलेला सगळा वेळ ओठ मिटलेले आणि दात दोन-तीन मिलिमीटर सुटे, ही जबड्याची विश्रांतीची जागा. पुष्कळ लोक उलटं समजतात की तोंड मिटणं म्हणजे दात मिटणं. हातात रिकामी पिशवी धरून तास-दोन तास दंड ताणून उभं राहा, वजन काहीच नाही तरी हात भरून येईल. तसंच हे.

आणि मुंबईत तर याला खतपाणीच मिळतं. दादरला दोन्ही लाइनचे लोक येतात, त्यामुळे विरारपासून बदलापूरपर्यंतचे जबडे मी पाहिलेत. अंधेरीला चढणारा लोंढा अंगावर येतो तेव्हा बाई बॅग पुढे घेते, खांदे वर जातात, दात आवळले जातात. बसायला जागा मिळाली तर मान मोबाइलवर. घरी गेल्यावर पुन्हा लॅपटॉप. यात तुमचा काही गुन्हा नाही, आणि ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून मी तुम्हाला वाटेला लावणार नाही. दुखणं मनाचं नाही, खरोखरच्या स्नायूचं आहे. ताण त्या स्नायूला कामाला लावतो, एवढंच.

तर काम इथून सुरू करायचं. ‘न’ म्हणा आणि तिथेच थांबा. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला टेकलंय, दात सुटे आहेत. आता ओठ अलगद मिटा, नाकाने श्वास सोडा, खांदे खाली. हीच जागा. ती दिवसात पन्नास वेळा आठवायची असेल तर काहीतरी खूण हवी. मी पेशंटना मोबाइलच्या मागे आणि लॅपटॉपच्या कडेला लाल टिकली चिकटवायला सांगते. टिकली दिसली की दात सोडायचे. तुमच्यासाठी आणखी सोपं आहे. गाडीत ‘पुढील स्टेशन’ ऐकू आलं की ‘न’. स्लो गाडीत बोरिवली सुटल्यावर वांद्र्यापर्यंत दहा वेळा ते ऐकू येतं, जाता-येता मिळून वीस. कांदिवलीच्या एका काकूंनी फक्त एवढंच केलं होतं, महिनाभर. दुसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, पहिला आठवडा प्रत्येक स्टेशनला दात टेकलेलेच सापडले.’ सापडले, हीच सुधारणा. सापडल्याशिवाय सुटणार कसे?

याच्या जोडीला सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटं गालावर आणि कानशिलावर ओलसर गरम शेक. टॉवेल गरम पाण्यात पिळून घ्या, चटका बसेल इतका गरम नको. शेकल्यावर गालाच्या त्या गोळ्यावर बोटांनी गोल गोल हलका दाब, एकेका बाजूला दोन मिनिटं. मग जीभ ‘न’च्या जागी टाळूला तशीच ठेवून, ती न सोडता जितकं तोंड उघडेल तितकंच सावकाश उघडायचं आणि मिटायचं. एका वेळी सहा, दिवसातून सहादा. जीभ टाळूला असल्यामुळे जबडा फार उघडत नाही आणि वेडावाकडा जात नाही, म्हणून हा व्यायाम घरी करायला सुरक्षित आहे. आरशासमोर करा, हनुवटी सरळ रेषेत खाली जाते का ते पाहा. जांभई आली की मूठ हनुवटीखाली धरा.

खाण्याचं दोन-तीन आठवडे सांभाळा. वरण-भात, खिचडी, उपमा, भाकरी आमटीत कुस्करून. चकली, चिक्की, भाजलेलं कणीस, ऊस, च्युइंगम, जेवणानंतरची सुपारी बंद. पाणीपुरीबद्दल मुद्दाम सांगते. एकदा संध्याकाळी शिवाजी पार्कच्या बाजूने एका कॉलेजच्या मुलीला तिच्या मैत्रिणी चालतच घेऊन आल्या, ओढणी तोंडावर धरलेली. मोठी पुरी तोंडात घालताना जबडा निसटला होता आणि तोंड मिटतच नव्हतं, लाळ गळत होती, डोळ्यांत भीती. अंगठे खालच्या दाढांवर ठेवून जबडा आधी खाली आणि मग मागे दाबला तेव्हा तो बसला. ज्यांचा सांधा दुखतोय किंवा सैल आहे त्यांनी पुरी फोडून दोन घासांत खावी, वडापावही दाबून छोटे घास करून खावा. मात्र आयुष्यभर पातळच खात राहू नका, दुखणं उतरलं की हळूहळू नेहमीचं जेवण सुरू करा.

आता नाइट गार्ड. त्याने तुम्हाला थोडं बरं वाटलं, मग वापरा, पण त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते समजून घ्या. ते दात झिजण्यापासून वाचवतं. झोपेत दात खाणं ते थांबवत नाही, आणि दुखण्यावरचा मुख्य इलाज म्हणूनही त्याचा आधार कच्चा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने तीन महिन्यांहून जुन्या जबडादुखीसाठी मार्गदर्शक सूचना छापल्या. त्यात व्यायाम, हाताने केलेली फिजिओथेरपी, आणि सवयी-विचारांवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत यांची जोरदार शिफारस आहे. स्प्लिंट (नाइट गार्ड हा त्याचाच एक प्रकार), स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन, लेझर, सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन, यांच्याबद्दल ‘सहसा नको’ असं मत आहे. दातांची ठेवण कायमची बदलणारे स्प्लिंट आणि गादी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, याला स्पष्ट नकार आहे. माझा अनुभवही याच दिशेचा आहे, फक्त दात सपाट झिजलेले दिसले किंवा दाढेला तडा गेलेला दिसला तर मी गार्ड देतेच. ते सगळ्या दातांना झाकणारं, कडक अ‍ॅक्रिलिकचं असावं. फक्त पुढच्या दातांवर बसणारं गार्ड महिनोन्‌महिने वापरलं तर मागचे दात सरकू शकतात. ऑनलाइन मिळणारं रबरासारखं मऊ गार्ड काही जण रात्रभर चघळत बसतात आणि सकाळी जास्त दुखतं.

बोटॉक्सबद्दल हल्ली फार विचारतात. त्याने स्नायू ढिला पडतो, परिणाम तीन-चार महिने टिकतो, मग परत टोचा. सतत टोचल्यावर जबड्याचं हाड पातळ होण्याची शंका अभ्यासांमधून पुढे आलेली आहे. मी पाठवलेले पेशंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि शस्त्रक्रियेची घाई कशी अंगाशी येते ते या क्षेत्राने पाहिलेलं आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत या गादीच्या जागी टेफ्लॉन असलेले तुकडे बसवले गेले, ते झिजून आजूबाजूचं हाड खात गेले आणि शेवटी सरकारला ते बाजारातून मागे घ्यावे लागले.

रात्री दात खाण्याबद्दल तीन गोष्टी तपासा. घोरता का, झोपून उठल्यावरही थकवा असतो का, नवऱ्याला विचारा की मध्ये श्वास अडतो का. तसं असेल तर झोपेची तपासणी दातांच्या आधी. दुसरं, संध्याकाळी पाचनंतरचा चहा-कॉफी. ऑफिसात कटिंग मोजले जात नाहीत, एक आठवडा मोजून पाहा. दारू आणि सिगारेटनेही दात खाणं वाढतं. तिसरं, नैराश्य किंवा चिंतेवरची काही औषधं, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन या जातीची, सुरू केल्यावर दात आवळणं सुरू होऊ शकतं. तुमच्या यादीत असं काही असेल तर स्वतःहून गोळी बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, ते डोस किंवा औषध बदलू शकतात.

वेदनाशामक गोळ्या पाच-सात दिवस ठीक, तेही आम्लपित्त, दमा, किडनी, रक्तदाब यांचा त्रास नसेल तर आणि डॉक्टरांना विचारून. महिनोन्‌महिने नको, त्यांनीच डोकेदुखी मागे लागते.

एक मोजमाप घरी ठेवा. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. साधारण ४० मिलिमीटर किंवा जास्त उघडणारं तोंड ठीक. आजवर ‘कट’ वाजायचं आणि एके दिवशी आवाज एकदम बंद झाला, पण तोंड दोनच बोटं उघडतंय, तर गादी अडकली आहे. तेव्हा वाट बघत बसू नका, पहिल्या काही दिवसांत हाताने सोडवता येण्याची शक्यता जास्त असते. नाही सुटली तर सुईने सांधा धुण्याची छोटी प्रक्रिया आहे, त्यासाठी मुखशल्यचिकित्सक लागतो. मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे हा विभाग आहे आणि खर्च खाजगीपेक्षा कितीतरी कमी येतो. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा.

तोंड न उघडण्याचं आपल्याकडे आणखी एक मोठं कारण आहे, आणि ते मला रोज काळजीत टाकतं: सुपारी आणि गुटखा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पुड्या मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. खाणाऱ्याच्या गालाच्या आतली त्वचा पांढुरकी, ताठ, पुठ्ठ्यासारखी होते, तिखट लागलं की आग होते आणि तोंड वर्षागणिक कमी उघडत जातं. तो सांध्याचा आजार नाही, कॅन्सरच्या आधीची अवस्था असू शकते. तुमचं तसं नाही, पण घरात कुणाचं ‘जबडा आखडलाय’ म्हणून दुर्लक्ष होत असेल तर त्यांना लगेच दाखवा.

काही दुखण्यांना तर माझ्यापर्यंत यायचंच नसतं. जिना चढताना जबडा दुखतो आणि बसल्यावर थांबतो, तर आधी हृदय तपासा. पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखतंय, चावताना जबडा लवकर थकतो, नजर धूसर होतेय, तर त्याच दिवशी रुग्णालय, कारण दृष्टी जाऊ शकते. गालातून विजेचा झटका बसल्यासारखी काही सेकंदांची कळ येते, ती नसेची असते, तिचं औषध वेगळं. ताप, सूज आणि गिळायला त्रास असेल तर अक्कलदाढेचा संसर्ग पसरत असू शकतो, तिथे एक रात्रही थांबू नये.

जन्माचं मागे लागलंय का, याचं उत्तर: बहुतेक नाही. सहा आठवडे हे नेटाने करा, रोज रात्री वहीत दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा द्या. निम्म्यावर आलं तर पुढेही हेच चालू ठेवा. तसूभरही फरक पडला नाही तर जबड्याचं काम येणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा, मान आणि खांद्यासकट तपासून घ्या. मधूनमधून, वर्षअखेरीच्या कामात किंवा घरात आजारपण आलं की दुखणं डोकं वर काढेल. तेव्हा घाबरून नवीन डॉक्टर शोधण्याआधी शेक आणि टिकल्या परत सुरू करा.

आणि मुलाचं. सहा वर्षांचा मुलगा झोपेत करकरा दात खातो, सासूबाई म्हणतात पोटात जंत झालेत. जंतांचं औषध शाळेत फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या मोहिमेत मिळतं ते त्याला जरूर द्या, पण दात खाण्यासाठी म्हणून नाही. या वयात पुष्कळ मुलं दात खातात आणि दुधाचे दात पडून पक्के येता येता बहुतेकांचं आपोआप थांबतं. गार्ड वगैरे काही नको. रात्री त्याच्या शेजारी थोडा वेळ बसा आणि ऐका. तोंड उघडं ठेवून झोपतो का, घोरतो का, उशी लाळेने भिजते का? असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून त्याच्या नाकामागच्या गाठी आणि टॉन्सिल्स तपासून घ्या.